बटाव्हियाची माणसं 'कायदा सुटला' म्हणून खुनी झाली, हे मला मान्य नाही

ओहोटी

काल जुनाखलाशी यांनी बटाव्हिया ह्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजाबद्दल लिहिलं. वर्णनाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. चांदण्यात दिसलेला तो फेस, खडक, पहिल्या दिवसांतली तहान, सगळं डोळ्यांपुढे उभं केलंत. तक्रार आहे ती शेवटच्या चार ओळींबद्दल. कायद्याचा धाक सुटला की माणूस पंधरा दिवसांत जनावर होतो, बटाव्हिया हा त्याचा पुरावा, म्हणून डोक्यावर काठी हवीच, असं तुम्ही लिहिलंत आणि खाली एकामागून एक 'अगदी खरं' पडत गेलं. मी रात्री प्रतिसाद लिहायला बसले, तो इतका लांबला की वेगळा धागा काढावा लागला.

४ जून १६२९ च्या पहाटे जहाज ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या आब्रोल्योस बेटांच्या खडकावर चढलं. ठरवून खून सुरू झाले ते जुलै लागल्यावर. मधल्या महिन्यात काय चाललं होतं? तहानेने माणसं मेली, मग पाऊस आला. वाचलेल्यांनी कौन्सिल नेमलं, पिंपं मोजली, शिधा ठरवला. मोठा अधिकारी पेल्सार्ट आणि कप्तान आरियान याकोब्स्झ तोवर पसार झाले होते. दोघांसह ४८ जण मोठ्या होडीतून पाणी शोधायला म्हणून गेले आणि तसेच जावाला पोचले. म्हणजे धाक घालणारे दोघेही बेटावर नव्हते. तरी कुणी कुणाच्या नरडीला लागलं नाही. तुमचे पंधरा दिवस उलटून गेले होते.

जूनच्या मध्याला मोडक्या जहाजावरून येरोनिमस कोर्नेलिस्झ उतरला. हार्लेमचा दिवाळं निघालेला औषधविक्या, पण कंपनीच्या उतरंडीत आता तोच सगळ्यांत वरचा. त्याला कुणाकडून काही हिसकावून घ्यावं लागलं नाही, लोकांनीच मानानं पुढारपण दिलं. त्याने आधी हत्यारं एका जागी आणवली, होड्या आणि तराफे ताब्यात घेतले. मग 'तिकडे पाणी आहे' सांगून लोकांना वेगवेगळ्या बेटांवर पाठवलं. पिंपातली दारू चोरली म्हणून एका शिपायाला मारायचं होतं. कौन्सिल त्याच्या साथीदाराला मारायला राजी होईना, तर त्याने कौन्सिलच बदललं आणि आपली माणसं बसवली. म्हणजे सुरुवात शिक्षा सुनावून झाली. काठी होती हो तिथे. ती काठी एकाच्याच हातात गेली आणि तिनेच माणसं मारली.

आणि व्हिबे हेस? साधा शिपाई. वीसेक जणांबरोबर त्याला उंच बेटावर पाठवलं ते तिथे मरावं म्हणून. तिथे ना कौन्सिल, ना अधिकारी, हत्यारं तर आधीच काढून घेतलेली. त्यांनी पाणी शोधलं, तराफ्यांवरून आणि पोहून जीव वाचवून येणाऱ्यांना घेतलं, पन्नासच्या आसपास झाले आणि शेवटपर्यंत एकमेकांना धरून राहिले. तुमच्या नियमाप्रमाणे पहिल्यांदा ह्यांचं जनावर व्हायला हवं होतं.

सडेतोड

मोठा लेख, पण सोयीचं तेवढं निवडून घेतलंत. जहाज मोडल्यावर सत्तरएक जण त्यावरच राहिले होते, ते काय करत होते? दारूची पिंपं फोडली, अधिकाऱ्यांच्या केबिनी फोडल्या, पैशांच्या पेट्यांना हात घातला. तेव्हा कोर्नेलिस्झने कुणाला हुकूम दिला होता? वरचा माणूस दिसेनासा झाला आणि पहिल्याच दिवशी हे सुरू झालं.

हेसचं म्हणाल तर त्याच्या बेटावर गोडं पाणी होतं, पक्ष्यांची अंडी होती, मासे होते, ते कांगारूसारखे वॉलबी प्राणी होते. पोट भरलेल्या माणसाच्या चांगुलपणाचं कौतुक मला सांगू नका. आमच्या सोसायटीत दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात टँकर आला तेव्हा, वीस वर्षं एकत्र गणपती बसवणारी माणसं पाइपवरून एकमेकांच्या अंगावर गेली. माझ्या वडिलांना ढकललं. त्यांच्या मनगटात अजून सळई आहे. ढकलणारा रोज नमस्कार करतो. मी माणूस पाहिलाय, मला पुस्तकातला नको.

ओहोटी

वडिलांचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण अनुभव मलाही आहे. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या पुरात आम्ही सतरा माणसं एका घराच्या दुसऱ्या मजल्यावर होतो. त्यातली अकरा मला अनोळखी. एक सिलिंडर, एक डबा तांदूळ, पावसाचं धरलेलं पाणी. एक आजी तर आधी पोरांच्या ताटात वाढायची आणि पातेलं स्वतःपर्यंत येईतो रिकामं व्हायचं. पोलीस नाही, तहसीलदार नाही, वीज नाही, फोन नाही. कुणी कुणाच्या अंगावर गेलं नाही.

आणि पोट भरलेलं म्हणता, तर खून करणाऱ्यांची पोटं कुठे रिकामी होती? पाऊस झाला होता, जहाजावरून वाहत आलेली दारू-पाण्याची पिंपं होती, शेजारच्या बेटावर सील होते. भरजरी कापडाचे अंगरखे करून घालत होते ते. भुकेमुळे हे झालं असतं तर खून पहिल्या आठवड्यात व्हायला हवे होते.

सडेतोड

चिपळूणचं पाणी दीड-दोन दिवसांत उतरलं. बटाव्हियाची माणसं साडेतीन महिने अडकली होती. दीड दिवस चांगलं कुणीही वागतं, ताई.

कागदपत्री

दोघेही थांबा. ज्या कागदावर उभं राहून भांडताय तो कागद आधी बघा. कोर्नेलिस्झबद्दल आपल्याला जे कळतं त्यातलं बहुतेक पेल्सार्टच्या दैनंदिनीतून आणि जबान्यांतून. पेल्सार्ट कोण? माणसांना बेटावर सोडून होडीत बसलेला अधिकारी. सार्डाम जहाज घेऊन १७ सप्टेंबरला परत आला तेव्हा त्याला कंपनीपुढे स्वतःची कातडी वाचवायची होती. ज्याच्यावर सगळा दोष टाकता येईल असा एखादा सैतान सापडला तर त्याला हवाच होता. जबान्या घेतल्या त्या पाण्याच्या छळाने. मानेभोवती कापडाची पिशवी बांधायची, वरून पाणी ओतायचं, श्वास घ्यायचा तर पाणी प्यायला लागतं. कोर्नेलिस्झने कबुली दिली, फिरवली, परत दिली, परत फिरवली. अशा कबुलीवरून 'मनुष्यस्वभाव' सिद्ध करता?

जहाजावर आधीच बंडाचा कट शिजत होता, ही गोष्टसुद्धा तशीच. कप्तान याकोब्स्झला जावाला कैदेत टाकलं, छळलं, त्याने कबूल केलं नाही. त्याचं पुढे काय झालं ते कागदांत सापडत नाही. पेल्सार्ट आणि तो सुरतेपासूनचे वैरी होते. पेल्सार्ट आधी सात वर्षं आग्र्याला कंपनीचं काम करत होता, परतीच्या वेळी सुरतेत दोघांचं वाजलं होतं. एका वैऱ्याने लिहिलेलं दुसऱ्याबद्दलचं मत आपण इतिहास म्हणून वाचतोय.

वेंगुर्ल्याचो

कागदपत्रीभाऊ, तुमचं बोलणं मला झेपलं नाही. आमच्या वेंगुर्ल्यात डचांची वखार होती, १६३७ सालापासून. ह्याच कंपनीची. त्या वखारीतून डच लोकांनी लिहिलेली पत्रं शिवकाळाचा पुरावा म्हणून तुम्ही इतिहासवाले मान हलवून वाचता. महाराज कुठे गेले, कुठलं गाव घेतलं, सगळं. तिथे कंपनीचा कागद खरा आणि इथे खोटा, असं कसं?

आणि विषय निघालाच आहे तर सांगतो. ती वखार बघायला येऊ नका, जीव तुटेल. छप्पर गेलं, भिंतीतून झाडं उगवलीत, मुळं दगड फोडतायत. मी लहान असताना जिन्यावरून वर जाता यायचं. दोन वर्षं अर्ज घेऊन फिरलो. जिथे गेलो तिथे दुसऱ्या टेबलाकडे बोट. तिकडे त्या लोकांनी समुद्राच्या तळातून जहाजाची लाकडं वर काढून जपली आणि आमच्याकडे जमिनीवर उभी असलेली वास्तू पडताना बघायची.

कागदपत्री

पत्र आणि छळ करून घेतलेली कबुली ह्यांत फरक आहे. वेंगुर्ल्याचा वखारवाला बातमी कळवत होता. बातमी चुकीची निघाली तर कंपनीचा तोटा, म्हणून तो जपून लिहायचा. पेल्सार्ट फाशीची शिक्षा कागदावर पक्की करत होता. वखारीबद्दल मात्र पूर्ण सहमत.

ओहोटी

मग धर्मोपदेशकाच्या पत्राचं काय? खैस्बर्ट बास्टियान्स्झने घरच्यांना लिहिलं, त्याला कुणी पाणी पाजलं नव्हतं. २१ जुलैच्या रात्री त्याला आणि थोरल्या मुलीला कोर्नेलिस्झने जेवायला बोलावलं, आणि तिकडे तंबूत त्याची बायको आणि बाकीची सहा मुलं मारली. हे त्या बापाने लिहिलंय. पेल्सार्ट खोटारडा म्हणून ते सात जण जिवंत होणार नाहीत.

कागदपत्री

खून झाले नाहीत असं मी कुठे म्हटलं? शंभराहून जास्त माणसं मारली गेली, तिथल्या पुरलेल्या हाडांवरही घावांच्या खुणा आहेत. माझा मुद्दा 'का' पुरता आहे. कोर्नेलिस्झच्या डोक्यात काय होतं, कोण मनापासून त्याच्याबरोबर होता आणि कोण भीतीने, हे छळाच्या कबुलीवरून ठरवू नका. तेवढंच. पत्राचा मुद्दा मान्य.

जायपत्री

सगळे खुन्यांबद्दल बोलताय, फाशी देणाऱ्यांबद्दल कोणीच बोलत नाही. सार्डाम कोणी पाठवलं? जावातला कंपनीचा गव्हर्नर-जनरल यान पीटरस्झोन कोएनने. हा तोच कोएन, ज्याने १६२१ साली आजच्या इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर जायफळाच्या मक्तेदारीसाठी काय केलं ते वाचा. पंधरा हजारांच्या आसपास वस्ती होती. मारले, उपाशी ठेवले, गुलाम करून जहाजात घातले, मागे हजारभर उरले. त्यांच्या ४४ पुढाऱ्यांची मुंडकी भाडोत्री जपानी शिपायांकडून उडवली. कोर्नेलिस्झने सव्वाशे मारले तर त्याचे दोन्ही हात तोडून फासावर दिला. कोएनचा पुतळा उभा आहे.

आमच्या बागेत नारळीखाली जायफळाची बारा झाडं आहेत. फळ तडकलं की आतली लाल पत्री हाताने अलगद सोडवते, तेव्हा दर वेळी मला बांदा आठवतं. ह्या एका फळासाठी एक अख्खी माणसांची जात संपवली. आणि ते करणारे 'कायदा' होते. मग सांगा, कायदा असताना माणूस जनावर होत नाही?

सडेतोड

विषय बटाव्हियाचा आहे. सगळीकडे वसाहतवाद आणायलाच पाहिजे का? त्या काळी पोर्तुगीज, इंग्रज, मुघल, कोण हात जोडून बसलं होतं?

जायपत्री

विषय बटाव्हियाचाच आहे. ते जहाज काय यात्रेला निघालं होतं? चांदीच्या नाण्यांच्या बारा पेट्या, मुघल दरबारात विकायला नेलेला रोमन काळातला कोरीव दगड, जावातल्या बटाव्हिया शहराच्या किल्ल्याचा दरवाजा बांधायला घडवलेले दगड. ते सगळं ह्याच धंद्याचं. जहाजावरच्या शिपायांना खालच्या अंधाऱ्या मजल्यावर कोंबून नेत, दिवसातून थोडा वेळ वर सोडत. माणूस म्हणजे माल, हे शिक्षण त्यांना कंपनीनेच दिलं होतं. कोर्नेलिस्झने नवीन काही शोधलं नाही. खाणारी तोंडं जास्त झाली, कमी करा, हा हिशेब त्याला कुठून सुचला?

आणि पेल्सार्ट परत आल्यावर काय करत होता बघा. वाचलेली माणसं उपाशी, घाबरलेली, आणि हा पाणबुडे उतरवून पेट्या काढतोय. आपल्या गुजरातचे पाणबुडे होते त्यात. बारापैकी दहा पेट्या काढल्या. मग कुठेतरी वाहून गेलेलं व्हिनेगरचं पिंप आणायला सार्डामचा कप्तान आणि आणखी चौघांना होडीतून पाठवलं. पाचही जण परत आले नाहीत. सव्वाशे खून नुकतेच डोळ्यांसमोर असताना एका व्हिनेगरच्या पिंपासाठी पाच माणसं.

वेंगुर्ल्याचो

जायपत्रीताई, हा व्हिनेगरचा भाग मला ठाऊक नव्हता. वाचून पोटात कालवलं.

सडेतोड

पेल्सार्ट कंपनीचा नोकर होता. माल सोडून आला असता तर त्यालाच लटकवलं असतं. आज कुठलाही मॅनेजर हेच करतो. तुम्ही झाडाखाली बसून जायफळ सोलताना नैतिकता सांगणं सोपं आहे.

जायपत्री

झाडाखाली बसून नाही. सात महिन्यांची असताना वडील गेले, आईने ही बाग डोक्यावर पाणी वाहून जगवली. मला सोप्याचं सांगू नका. आणि 'नोकर होता' हे वाक्य कोर्नेलिस्झच्या माणसांनीही वापरलं होतं. आम्हाला सांगितलं म्हणून केलं, नाहीतर आम्हाला मारलं असतं. त्यांना तुम्ही जनावर म्हणता, पेल्सार्टला नोकर.

सडेतोड

बरं. ह्या शेवटच्या वाक्याला माझ्याकडे आत्ता उत्तर नाही. सोलण्याबद्दल बोललो ते मागे घेतो. बाकीचं नाही.

पर्थवासी

मी पर्थला बावीस वर्षं आहे. फ्रीमँटलच्या संग्रहालयात त्या जहाजाच्या मागच्या भागाची लाकडं उभी केली आहेत, काळी, माणसाच्या कितीतरी पट उंच. किल्ल्याच्या दरवाजाचे दगड जेराल्डटनला. मुलगी नऊ वर्षांची असताना तिला घेऊन गेलो होतो. मी पेल्सार्ट, कोर्नेलिस्झ, हेस सगळं सांगितलं. तिने विचारलं, त्या पाद्रीच्या मुलांची नावं काय होती? मला येत नव्हती. इथेही इतके प्रतिसाद झाले, एकाही मुलाचं नाव आलं नाही. मलाही धरून म्हणतोय.

दुसरं. पुढे एकदा छोट्या विमानातून ती बेटं पाहिली. जिथे बहुतेक खून झाले ते बेट म्हणजे पाण्यावर ठेवलेली पोळी. झाड नाही, उंचवटा नाही, लपायला जागा नाही. रात्री एका टोकाला कुणी ओरडलं तर दुसऱ्या टोकाला ऐकू जाणार. म्हणून ओहोटी, तुमचं 'सगळी काठी एकाच्या हातात होती' हे मला पुरत नाही. सुरुवातीला बेटावर १८० च्या आसपास माणसं होती. मारणारे तीस-चाळीस, त्यातले मनापासून मारणारे आणखी कमी. बाकीच्यांनी काय केलं? कोर्नेलिस्झने स्वतःच्या हाताने फक्त एका तान्ह्या बाळाला विष द्यायचा प्रयत्न केला, तोही फसला, मग दुसऱ्यांनी त्याचा गळा दाबला. बाकी सगळे हात दुसऱ्यांचे. आंद्रिस द फ्रीस नावाच्या कारकुनाला जीव वाचवायचा म्हणून आजाऱ्यांचे गळे कापायला लावले. त्याने कापले. काही दिवसांनी लुक्रेशियाशी, म्हणजे कोर्नेलिस्झने स्वतःसाठी ठेवून घेतलेल्या प्रवासी बाईशी, बोलला म्हणून त्यालाच मारलं. आणि तो यान पेलग्रोम, १८ वर्षांचा पोऱ्या, दुसऱ्याला मुंडकं उडवायला दिलं आणि मला नाही म्हणून रडला. ह्याला कुठली काठी लावाल?

सडेतोड

हेच तर म्हणतोय मी.

पर्थवासी

नाही, तुमच्या बाजूने बोलत नाहीये मी. त्याच पोऱ्याला उंच बेटावर हेसबरोबर पाठवलं असतं तर तो अंडी गोळा करत फिरला असता, असं मला वाटतं. सिद्ध करता येत नाही. हेसच्या माणसांनी रचलेली दगडी भिंत अजून त्या बेटावर आहे.

ओहोटी

पर्थवासी, मुलांच्या नावांचं मनाला लागलं. मीसुद्धा वर 'सहा मुलं' असं आकड्यात लिहून मोकळी झाले.

बाकीच्यांनी काय केलं ह्याचं उत्तर माझ्याकडे अर्धंच आहे. हत्यारं नव्हती, तराफे नव्हते, आणि सुरुवातीचे खून लपवले होते. 'मदतीला दुसऱ्या बेटावर चाललोय' म्हणून तराफ्यावर बसवायचे आणि मध्ये पाण्यात ढकलायचे. लोकांना कळलं तोवर मोजकेच उरले होते. पण १८० चे मोजके होईपर्यंतचा एखादा दिवस असा असेलच, जेव्हा सगळे मिळून उठले असते तर निभावलं असतं. तो दिवस त्यांनी का जाऊ दिला, हे मला सांगता येत नाही.

कागदपत्री

आता तुमच्या हेसबद्दलही एक. २ सप्टेंबरला कोर्नेलिस्झ कापड घेऊन बोलणी करायला आला. त्यांनी त्याला पकडलं. बरोबरच्यांपैकी चौघेही हाती लागले होते. पलीकडच्या किनाऱ्यावर बाकीचे हल्ल्याला निघालेले दिसले, तेव्हा हेसच्या लोकांनी त्या चौघा कैद्यांना तिथेच मारलं. खटला नाही, जबानी नाही. उंच बेट म्हणजे काही साधूंचा मठ नव्हता.

ओहोटी

माहीत होतं. लिहिलं नाही, कारण माझ्या बाजूला अडचण होत होती. खरं सांगते. ते करायला नको होतं असंही मला म्हणवत नाही, कारण माणसं कमी, पलीकडे बंदुका, कैदी सांभाळायचे कोणी. पण मी हेसला फार स्वच्छ करून मांडला, हे मान्य.

जुनाखलाशी

माझ्या लेखावर धागा निघालाय हे उशिरा पाहिलं. काल दिवसभर नातवाच्या शाळेत होतो.

मी ते चार वाक्य पुस्तकातून घेतले नव्हते. २४ वर्षं जहाजावर काढली. शेवटच्या जहाजाच्या मालकाने हात वर केले. आखातातल्या एका बंदराबाहेर नांगर टाकून आम्ही चौदा माणसं पाच महिने पडून होतो. पगार नाही, एजंट फोन उचलत नाही, किनाऱ्यावर उतरायला परवानगी नाही. जनरेटर दिवसातून दोन तास. कप्तान आजारी पडला, त्याला उतरवून नेलं. चीफ मेट मी होतो. म्हणजे वरचा मी.

सडेतोड, ओहोटी, तुम्ही दोघं काठी कोणाच्या हातात होती ह्यावर भांडताय. कोठीची किल्ली माझ्या हातात होती. तिसऱ्या महिन्यात मी पाण्याच्या दोन पेट्या आणि खजुराचं एक खोकं माझ्या केबिनमध्ये नेऊन ठेवलं. स्वतःला सांगितलं, जबाबदारी माझ्यावर आहे, मी उभा राहिलो पाहिजे. तीन आठवडे रात्री दार लावून खात होतो. खाली इंजिनवरचा एक पोरगा, बिहारचा, विशीचा, डेकवर चक्कर येऊन पडला. मी त्याच्या तोंडावर पाणी मारलं आणि ते पाणी त्याच्याच वाट्यातून कापलं. हे मी घरात कोणाला सांगितलेलं नाही.

म्हणून मी लिहिलं की माणसाच्या डोक्यावर काठी हवी. दुसऱ्याच्या नाही, माझ्या डोक्यावर हवी होती. तुमचा धागा पूर्ण वाचला. माझं मत बदललेलं नाही.

सडेतोड

काका, हे लिहायला फार मोठं मन लागतं.

ओहोटी

तुमच्या लेखावर इतकं तावातावाने लिहिलं ते चुकलं असं म्हणणार नाही, मुद्दा मला अजून तसाच वाटतो. पण तुमच्या त्या चार ओळी मी 'लोकांना धाकात ठेवा' अशा वाचल्या होत्या. तशा नव्हत्या त्या. तेवढी माझी चूक. मी तुमच्यावर चिडले होते, आता चिडलेली नाही.

एक विचारू का? नको वाटलं तर सांगू नका. तीन आठवडेच का? पुढे किल्ली कोणाकडे गेली?

जुनाखलाशी

कुककडे. चाळीस वर्षांचा गोवेकर, फार बोलायचा नाही. एक दिवस जेवणाच्या टेबलावर सगळे बसले असताना त्याने माझ्यापुढे हात केला. काही म्हणाला नाही. मी खिशातून किल्ली काढून दिली, मग केबिनमधून खोकं आणून टेबलावर ठेवलं. कोणी विचारलं नाही. त्यानंतर किल्ली मेसरूमच्या दाराशी खिळ्याला टांगलेली असायची. खाली वही बांधली होती, ज्याने जे घेतलं ते तो लिहायचा. त्या पोराला लिहिता येत नव्हतं. त्याचं कुक लिहायचा.